ओझोन मारलेल्या पाण्यात ब्रोमेट निघालं, आता काय करायचं? (सोलापूर, सीलबंद पाण्याचा प्लांट)

बोअरवाला:
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडला आमचा छोटा पाण्याचा प्लांट आहे, वीस लिटरचे सीलबंद जार आणि लिटरच्या बाटल्या, सगळं बोअरच्या पाण्यावर. वाळूचा फिल्टर, कार्बन, आरओ, यूव्ही आणि भरायच्या आधी ओझोन. आजवर रिपोर्ट क्लिअर यायचे. आता एका मोठ्या गिऱ्हाइकानं स्वतःच्या लॅबमधनं बाटली तपासून घेतली आणि मेल टाकला की ब्रोमेट १९ पीपीबी (लिटरला १९ मायक्रोग्राम) आहे, १० च्या वर चालत नाही, माल थांबवा. ज्याच्याकडनं ओझोनचं मशीन घेतलं त्याला फोन लावला तर तो म्हणतो ओझोन वाढवा, सगळं जळून जातं. धाकटा भाऊ म्हणतो ओझोन बंदच करू, यूव्ही आहे की. मला दोन्ही पटंना. लग्नसराई तोंडावर आलीय आणि हे लफडं. जाणकारांनी जरा सांगा, हे ब्रोमेट आलं कुठनं? आम्ही तर असलं काही टाकतच नाही.

शेंगाचटणी:
मालक, ओझोन वाढवा म्हणणाऱ्याचा नंबर आधी ब्लॉक करा बे. बाकी जाणकार सांगतील, मी चहा घेऊन बसलोय.

रसायन_मास्तर:
बोअरवाले, तुम्ही टाकत नाही हे खरंय, ते तुमच्या टाकीत तयार होतंय. बोअरच्या पाण्यात क्लोराइडच्या जोडीनं थोडं ब्रोमाइड असतंच, खारट बोअरला जरा जास्त. नुसतं ब्रोमाइड त्या प्रमाणात काही त्रास देत नाही, आणि साध्या रिपोर्टमध्ये ते कुणी मोजतही नाही. ओझोन त्याला गाठतो आणि त्याचं हायपोब्रोमाइट करतो, मग परत ओझोन त्यालाच गाठतो आणि पुढं नेत नेत ब्रोमेट करतो. तिथं पोचलं की खेळ संपला, ब्रोमेट फार टिकाऊ. उकळून जात नाही, यूव्हीच्या नेहमीच्या दिव्याला दाद देत नाही, साध्या कार्बनमधनं बरंचसं तसंच निघून जातं. म्हणून ‘ओझोन वाढवा, जळून जाईल’ हे एकदम उलटं आहे, जितका ओझोन आणि जितका वेळ तितकं ब्रोमेट जास्त.

हिशेब सोपा आहे. एक ग्रॅम ब्रोमाइड सगळंच्या सगळं बदललं तर १.६ ग्रॅम ब्रोमेट होतं. म्हणजे ओझोनच्या टाकीत जाणाऱ्या पाण्यात ब्रोमाइड ६ पीपीबीच्या आत असेल तर काही केलं तरी १० ओलांडणार नाही. सगळं कधी बदलत नाही म्हणून २० पीपीबीपर्यंत सहसा डोकेदुखी नसते, ५०-१०० च्या वर गेलं की असते.

आता तुम्हाला एकच प्रश्न, खरं उत्तर द्या. आरओचं पाणी सरळ ओझोनला जातंय, का चवीसाठी मधे कच्चं पाणी मिसळताय?

बोअरवाला:
मिसळतोय की मास्तर. नुसतं आरओ पाणी लोकांना कडू लागतं, टीडीएस (विरघळलेले क्षार) वीस-तीस आला की जार परत येतात. बायपासचा व्हॉल्व्ह आहे, ऑपरेटर मीटर बघून ८०-१०० टीडीएसवर लावतो. इकडं सगळेच करतात.

रसायन_मास्तर:
सापडलं. समजा तुमच्या बोअरला ब्रोमाइड २५० पीपीबी आहे. आरओमधनं पाचेक टक्के सुटतं असं धरू, म्हणजे १२-१३ पीपीबी, जवळपास काहीच नाही. आता त्यात पाचवा हिस्सा कच्चं पाणी घातलं की एकदम ६० पीपीबी होतंय. त्याचं जास्तीत जास्त ब्रोमेट ९६, आणि त्यातलं पाचात एक झालं तरी १९. तुमचा आकडा इथंच कुठंतरी बसतोय. आधी बोअर, आरओचं शुद्ध पाणी आणि मिसळलेलं पाणी असे तीन नमुने ब्रोमाइडसाठी द्या. टीडीएस मीटर शंभरदा बघूनही हे कळणार नाही, मीटरला सगळे क्षार सारखेच.

दुसरं, आरओचं पाणी आंबट असतं, पीएच ६ च्या आसपास, कारण पडद्यातनं कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बायकार्बोनेट अडकतं. हा तुमचा फायदा आहे. वर सांगितलं ना हायपोब्रोमाइट, ते पीएच ९ च्या खाली बहुतेक हायपोब्रोमस ॲसिड म्हणून राहतं आणि त्या रूपात ओझोन त्याच्याकडं फारसं बघत नाही. पीएच एकानं उतरला की ब्रोमेट साधारण अर्ध्यावर येतं. पण कच्चं पाणी मिसळलं की पीएच चढतो आणि वर बायकार्बोनेटही येतं, तेही ब्रोमेटला हातभार लावतं. एका व्हॉल्व्हनं तिन्ही गोष्टी बिघडल्या. पीएच दुरुस्ती किंवा मिनरल करायचं तर कधी करायचं हा वेगळा विषय, त्यावर नंतर बोलू.

होटगी_रोड:
मला समजंना एवढा गाजावाजा कशापायी. १० पीपीबी म्हणजे एका लिटरात १० मायक्रोग्राम, डोळ्याला दिसत नाही काय नाही. इथं चार-पाच दिवसाआड नळाला पाणी येतंय, लोक बॅरल भरून ठेवतात त्यात अळ्या होतात, ते कुणी बघत नाही आणि बाटलीतलं ब्रोमेट बघलालाव.

रसायन_मास्तर:
होटगी रोडवाले, अळ्यांचं बोललात ते शंभर टक्के खरं, आणि म्हणूनच मी त्यांच्या भावाला ओझोन बंद करू देणार नाही. पण आकडा उगाच आलेला नाही. ब्रोमेटनं उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी झालेल्या दिसल्या म्हणून पोटॅशियम ब्रोमेटला आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेनं ‘माणसाला कर्करोग करू शकेल’ अशा २बी गटात घातलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात २ पीपीबी आयुष्यभर प्यायलं तर लाखात एक जादा कर्करोग. मर्यादा मात्र १० ठेवली, कारण त्या खालचं मोजणं आणि गाळणं अवघड. अमेरिका आणि युरोपातही १०, आणि युरोपात ओझोन मारलेल्या नैसर्गिक मिनरल वॉटरला तर ३ च. आपल्याकडं २०१६ मध्ये पावाच्या मैद्यात घालायच्या पोटॅशियम ब्रोमेटवर बंदी आली, आठवत असेल. तेच हे.

पार्क_चौक:
कोका-कोलाचं दासानी पण ह्याच्यापायीच गेलं होतं ना इंग्लंडातनं? २००४ मार्च. पाच लाखांच्या आसपास बाटल्या मागं घेतल्या होत्या. तिथं तर आधी नळाचं पाणी भरतात म्हणून पेपरवाल्यांनी चेष्टा केली आणि वर हे झालं.

रसायन_मास्तर:
हो, आणि ती केस बोअरवाल्यांनी नीट वाचावी. तिथं पाणी आरओमधनंच गेलं होतं. मग चवीसाठी कॅल्शियम क्लोराइड घातलं, त्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये ब्रोमाइड होतं आणि त्याच्यानंतर ओझोन मारला. कुठं २२ पीपीबीपर्यंत गेलं. म्हणजे बायपास बंद करून तुम्ही मिनरल डोसिंगला गेलात तरी ही भानगड पोत्यातनं परत येऊ शकते.

रंगखाता_अण्णा:
मास्तर मधे घुसतो, विषय जवळचाच आहे. आमचं टॉवेलचं डाईंग आहे. ईटीपीतनं (सांडपाणी साफ करायच्या प्लांटातनं) बाहेर पडलेल्या पाण्याचा रंग जात नाही म्हणून एक पार्टी ओझोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड अशी जोडी विकायला आलीय, त्याला ॲडव्हान्स्ड ऑक्सिडेशन म्हणतात. डेमोला बादलीभर काळंनिळं पाणी पाच मिनिटात लिंबू सरबतासारखं झालं, मालक खूश. ते पाणी परत डाईंगला वापरायचं म्हणतायत. आमच्यात ब्रोमेटचं काही आहे का?

रसायन_मास्तर:
अण्णा, तुमच्यात तर जास्त आहे. रिॲक्टिव्ह रंगाला मीठ कुठलं वापरता? आगरी मीठ, का ग्लॉबर?

रंगखाता_अण्णा:
भाव बघून. मीठ स्वस्त मिळालं तर मीठ, नाहीतर ग्लॉबर.

रसायन_मास्तर:
समुद्राच्या मिठात ब्रोमाइड राहतंच, ग्लॉबर म्हणजे सोडियम सल्फेट, त्याच्यात नगण्य. वर सोड्यानं तुमचं पाणी पीएच १०-११, म्हणजे ब्रोमेटला अगदी मनासारखं. तेव्हा पहिला उपाय खरेदीखात्यात आहे, मशीनमध्ये नाही. ओझोन लावणार असाल तर मीठ वापरणं बंद करा आणि ओझोनच्या आधी पीएच ७ च्या जवळ आणा.

पेरॉक्साइडचं काम नीट समजून घ्या कारण विकणारा ते अर्धंच सांगतो. पेरॉक्साइड ओझोनला मोडून हायड्रॉक्सिल रॅडिकल करतो, तो रंगाला, औषधाच्या अंशाला, कशालाही फोडतो. त्याचबरोबर पेरॉक्साइड मधल्या हायपोब्रोमस ॲसिडला परत ब्रोमाइडवर ढकलतो, म्हणून ब्रोमेट कमी होतं. पण ते पुरेसं असलं तरच. कमी टाकलं तर उलट होऊ शकतं, रॅडिकल स्वतः ब्रोमाइडला पुढं नेतो आणि अडवायला पेरॉक्साइड शिल्लक नसतं. हिशेबानं एक ग्रॅम ओझोनला ०.३५ ग्रॅम पेरॉक्साइड लागतं, ब्रोमेट अडवायचं असेल तर त्याच्या वरच राहा, आणि पेरॉक्साइड आधी पाण्यात मिसळलेलं पाहिजे, मग ओझोन. बरेच जण ओझोनच्या टाकीत वरनं नळी सोडतात. तोवर खाली ओझोन ब्रोमाइडला भेटून गेलेला असतो.

आणि ओझोन एकाच ठिकाणी सगळा सोडू नका, तीन-चार ठिकाणी थोडा थोडा द्या. पहिल्या डिफ्यूझरजवळ (ओझोनचे बुडबुडे सुटतात तिथं) ओझोन जिथं दाट तिथंच ब्रोमेट जास्त होतं.

रंगखाता_अण्णा:
आणि रंग गेला म्हणजे झालं का?

रसायन_मास्तर:
तिथंच फसगत आहे. ओझोन ॲझो रंगातली नायट्रोजनची जोडी फटकन तोडतो, रंग गेला. सीओडी, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय कचरा किती ते दाखवणारी टेस्ट, लावून बघा, तो आकडा रंगाच्या मानानं फारच थोडा उतरलेला असतो. तुटलेले तुकडे पाण्यातच असतात, फॉर्मल्डिहाइड, ग्लायॉक्सल, छोटी सेंद्रिय ॲसिडं. हे तुकडे जंतूंना खायला सोपे, म्हणून बीओडी, म्हणजे जंतू खाऊ शकतील तो भाग, वाढलेला दिसतो. वाईट गोष्ट म्हणून बघू नका, पण त्यांना खाणारे जंतू तुम्ही ठेवले पाहिजेत, म्हणजे ओझोननंतर एक एरेशन (हवा सोडायची टाकी) किंवा कार्बनचा असा थर ज्याच्यावर जंतू वाढलेत. पिण्याच्या पाण्यातही मोठ्या प्लांटमध्ये ओझोनच्या पाठी असा कार्बन असतो. तो नसेल तर हे तुकडे पाइपलाइनमध्ये जाऊन जंतू पोसतात.

दोन बारीक गोष्टी. पेरॉक्साइड उरला तर सीओडीच्या टेस्टमध्ये तो स्वतःच सीओडी दाखवतो, लॅबवाल्याला सांगून ठेवा नाहीतर आकडा वाढलेला बघून तुम्ही आणखी पेरॉक्साइड ओताल. आणि मेटल कॉम्प्लेक्स रंग वापरत असाल, त्यात क्रोम असतो, ओझोन त्याला हेक्साव्हॅलंट ह्या विषारी रूपाकडं नेऊ शकतो. ते एकदा तपासून घ्याच.

शेंगाचटणी:
अण्णा लिंबू सरबत पिऊन बघितलं का डेमोवाल्यानं?

रंगखाता_अण्णा:
नाही बे, निघून गेला 😀 पण हे सीओडीचं खरंय हो, गेल्या वेळी असाच गोंधळ झालता. एरेशनच्या टाकीत फेसही कमी झालता, बहुतेक उरलेल्या पेरॉक्साइडनं जंतू मेले असावेत.

भवानी_पेठ_ताई:
एक साधा प्रश्न. मग पालिकेच्या पाण्यात ओझोन का लावत नाहीत? उन्हाळ्यात उजनीच्या पाण्याला मातीचा, शेवाळाचा वास येतो, मुलं पीत नाहीत, म्हणून आम्ही जार घेतो.

निवृत्त_पंपहाउस:
ताई, तो वास शेवाळातनं येणाऱ्या जिओस्मिनसारख्या पदार्थांचा, साध्या क्लोरीननं जात नाही. ओझोन आणि पेरॉक्साइड त्याच्यावर चांगलं चालतं, परदेशात ह्याच कामासाठी लावलेले प्लांट आहेत. पिण्याच्या पाण्याला ओझोन ही काही नवी टूम नाही, फ्रान्सच्या नीस शहरात १९०६ पासून आहे. पण वीज, ऑक्सिजन, माणूस, हे सगळं लागतं. आणि उजनीत वरनं पुण्याचं सांडपाणी येतं, त्यात सेंद्रिय जास्त, ते ओझोन आधी खाऊन टाकतं.

त्यातली एक गंमत, अमोनिया असला की ब्रोमेट कमी होतं, तो मधल्याच टप्प्यावर ब्रोमिनला धरून ठेवतो. काही ठिकाणी मुद्दाम थोडा अमोनिया टाकतात, कुठं आधी क्लोरीन आणि मग अमोनिया. पण नंतर क्लोरीनचा डोस सांभाळावा लागतो. आणि बोअरच्या कच्च्या पाण्यात मँगनीज असेल आणि ओझोन जास्त झाला तर पाणी गुलाबी दिसतं, परमँगनेट होतं. कुणी गुलाबी पाणी बघून घाबरलं तर समजून घ्या.

होटगी_रोड:
म्हणजे सरळ क्लोरीनच बरं की, ब्रोमेटची कटकट नाही.

निवृत्त_पंपहाउस:
तसंही नाही हो. क्लोरीनला स्वतःचे उपपदार्थ आहेत, ट्रायहॅलोमिथेन वगैरे. आणि हायपोचं (सोडियम हायपोक्लोराइट, पातळ क्लोरीन) द्रावण कॅनमध्ये पडून राहिलं की त्यात क्लोरेट वाढतं, त्यात बनतानाच ब्रोमेटही थोडं आलेलं असतं. सोलापूरचं ४२ डिग्री ऊन आणि पत्र्याच्या शेडखाली ठेवलेले कॅन, मग विचारूच नका. लॉस एंजेलिसला तर उघड्या जलाशयात क्लोरीन, ब्रोमाइड आणि ऊन मिळून ब्रोमेट झालं होतं, म्हणून २००८ मध्ये पाण्यावर काळे प्लास्टिकचे गोळे सोडले, सावली करायला. फोटो बघितले असतील सगळ्यांनी.

१९९३ ला अमेरिकेतल्या मिलवॉकीत क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीनं चार लाखांवर लोक आजारी पडले, क्लोरीन त्याला काही करू शकला नाही. नंतर त्यांनी ओझोन बसवला. म्हणून ओझोनच्या नावानं बोटं मोडू नका, तो सांभाळून वापरा.

बोअरवाला:
मास्तर, निकाल आला. बोअरला ब्रोमाइड ३१०, आरओनंतर १४, मिसळलेल्यात ७०. तुमचा अंदाज पार जुळला. बायपासचा व्हॉल्व्ह काढूनच टाकला, तोंडाला डमी लावली. पण टीडीएस १८ वर आला आणि दोन हॉटेलवाल्यांनी लगेच फोन केला पाणी पुचाट लागतंय म्हणून. आता मिनरल डोसिंगचं कसं करायचं? आणि ओझोन किती ठेवायचा, मीटर तर नाही, मशीनवर नुसता नॉब आहे, ऑपरेटर वास येईपर्यंत फिरवतो.

रसायन_मास्तर:
वास येईपर्यंत म्हणजे ऑपरेटरचं फुप्फुस मीटर म्हणून वापरताय. आठ तासाच्या कामाला हवेतला ओझोन ०.१ पीपीएमच्या वर नको, वास त्याच्या बराच आधी येतो. दिवसभर वास असेल तर टाकीच्या वरची हवा बाहेर नेणारा पाइप आणि तिथं ओझोन मोडणारा डिस्ट्रक्टर बसवा. हे ब्रोमेटपेक्षा आधी करा.

डोस असा ठरवा. भरताना बाटलीत उरलेला ओझोन लिटरला ०.२ ते ०.४ मिलिग्राम पुरतो, इंडिगोच्या (ओझोननं फिका पडणाऱ्या रंगाच्या) किटनं मोजता येतो, किटला फार पैसे पडत नाहीत. त्याच्यापेक्षा जास्त म्हणजे नुसती ब्रोमेटची पेरणी. उन्हाळ्यात पाणी गरम असलं की ओझोन कमी विरघळतो म्हणून माणूस नॉब वाढवतो, आणि गरम पाण्यात ब्रोमेटची क्रियाही वेगानं होते. टाकी सावलीत घ्या, जमलं तर पहाटे भरा. साठवणीच्या टाकीत ओझोन रात्रभर फिरवत ठेवायची सवय काही प्लांटला असते, ती असेल तर तोडा.

मिनरल ओझोननंतर भरायच्या तोंडावर गेलं तर ब्रोमेटच्या दृष्टीनं उत्तम, पण मग मिनरलचं द्रावण स्वतः निर्जंतुक पाहिजे आणि उरलेला ओझोन तिथं मोजत राहावा लागेल. ते जमणार नसेल तर ओझोनच्या आधी टाका, पण पोतं तपासून. पुरवठादाराकडनं फूड ग्रेडचं सर्टिफिकेट मागा आणि त्यात ब्रोमाइडचा आकडा नसेल तर एक चमचा लॅबला पाठवा. खार्‍या पाण्यापासून बनवलेल्या कॅल्शियम क्लोराइडला जरा जास्त बघा. पीएच वाढवायला कॉस्टिक किंवा सोडा असेल तर तो ओझोननंतर, आधी कधीच नाही.

पार्क_चौक:
आणि नमुना कसा द्यायचा? बोअरवाल्यांच्या गिऱ्हाइकानं दुकानातली बाटली दिली असेल, प्लांटवरचा नमुना दिला की वेगळाच आकडा येतो असं ऐकलंय.

रसायन_मास्तर:
बरोबर ऐकलंय. भरल्यानंतरही बाटलीत ओझोन उरलेला असतो, तो संपेपर्यंत ब्रोमेट होतच राहतं, म्हणून लगेच काढलेला नमुना कमी दाखवतो. एक दिवस ठेवलेली सीलबंद बाटली द्या. लाइनमधला नमुना द्यायचाच असेल तर लॅबकडनं इथिलीन डायअमाइन घातलेली बाटली मागा, ते उरलेलं हायपोब्रोमस धरून ठेवतं. चाचणी आयन क्रोमॅटोग्राफीनं होते, दुसरं काही स्वस्तातलं सुचवलं तर ऐकू नका. रिपोर्टवर ‘आढळले नाही’ एवढंच लिहून येत असेल तर मोजायची खालची मर्यादा किती ते विचारा. ती २० असेल तर त्या रिपोर्टला काही अर्थ नाही, तुमचे १९ सुद्धा त्यात ‘आढळले नाही’च आले असते.

बोअरवाला:
आत्ता कळलं आधीचे रिपोर्ट क्लिअर का यायचे ते. काढून बघितले, एकावरही ब्रोमेटची लाइनच नाही. ठीक आहे, डिस्ट्रक्टरचं कोटेशन मागवतो, किट मागवतो. भावाला हा धागा पाठवलाय, तो आता म्हणतोय ओझोन राहू दे पण नॉबला कुलूप लावा.

रंगखाता_अण्णा:
कुलपाची किल्ली ऑपरेटरकडं नका देऊ. आणि मास्तर, मालकाला ग्लॉबरचं सांगितलं, ते म्हणतात मिठापेक्षा महाग पडतं, पेरॉक्साइड जास्त घालू. काय सांगू?

रसायन_मास्तर:
दोन्हीची एक बॅच करून खर्च मांडा, पेरॉक्साइड, पीएच उतरवायचं ॲसिड आणि उरलेला पेरॉक्साइड काढायचा खर्च धरून. आणि परत वापरायच्या पाण्यात मीठ फेरीगणिक साठत जातं, त्याच्याबरोबर ब्रोमाइडही, हे मालकांना कागदावर दाखवा. पहिल्या फेरीचा आकडा बघून निर्णय घेऊ नका, तीन-चार फेऱ्यांनंतरच्या पाण्याचा नमुना द्या.